तुझे गाव कोणते?

(देश सोडावा लागलेल्या काही खेळाडूंची ओळख या पाठात करून दिली आहे. माणसाची ओळख कशाकशाने बनते, याचा विचार पाठ वाचताना करा.)

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने निघाले, की दापोडी, कासारवाडी मागे टाकून गाडी पिंपरीला येते. स्थानकाजवळच मोठा बाजार आहे. दिवसभर तेथे गर्दी असते. या भागाला ‘पिंपरी कॅम्प’ म्हणतात. नवख्या माणसाला वाटते, येथे लष्कराची छावणी असावी. पण तसे नाही. ही छावणी निर्वासितांची होती.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. दोन्ही बाजूंची लाखो माणसे बेघर झाली. सिंध प्रांतातून आलेल्या काही कुटुंबांना सरकारने पिंपरीत आसरा दिला. तेव्हा पिंपरी हे लहानसे गाव होते. येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनीसुद्धा नंतर, १९५४ साली स्थापन झाली. या लोकांनी छोटी छोटी दुकाने थाटली आणि पुन्हा संसार उभे केले.

त्यांची मातृभाषा सिंधी. तीही तुमच्या उर्दूप्रमाणे उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. भारतात ती देवनागरीतही लिहितात. पंजाब आणि बंगाल हे प्रांत दोन देशांत वाटले गेले. सिंध मात्र पूर्णपणे पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी लोकांजवळ भाषा उरली, पण त्या भाषेचा प्रांत उरला नाही. १९६७ साली भारताच्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत सिंधीला स्थान मिळाले. आज या कुटुंबांतील नातवंडांना कोणी विचारले, “तुझे गाव कोणते?” तर त्यांनी काय सांगावे? आजोबांचे सिंध, की स्वतःची पिंपरी?

तुमच्यापैकी अनेकांना हा प्रश्न कोणी ना कोणी विचारला असेल. भोसरी, चिंचवड, चाकण या भागांतील कारखान्यांत काम करण्यासाठी मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून माणसे येतात. पण ती ईदला किंवा दिवाळीला आपल्या गावी जाऊ शकतात. निर्वासिताला तसे करता येत नाही. त्याच्या मागे दार बंद झालेले असते.

खेळाडूच्या बाबतीत हा प्रश्न आणखी अवघड होतो. खेळाडू कधी एकट्यासाठी खेळत नाही. शाळेच्या सामन्यात त्याच्या अंगावर शाळेचा गणवेश असतो. १९९४ साली पुण्याजवळच्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या. तेथे प्रत्येक खेळाडू आपल्या राज्याच्या किंवा संस्थेच्या नावाने उतरला. ऑलिंपिकमध्ये तो देशाच्या नावाने उतरतो. मग ज्याचा देशच सुटला, त्याने कोणाच्या नावाने धावायचे?

मिल्खासिंग यांचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या गोविंदपुरा या गावी झाला. फाळणीच्या दंगलीत त्यांचे आईवडील मारले गेले. पोरका मिल्खा दिल्लीला आला आणि निर्वासितांच्या छावणीत राहिला. एकदा विनातिकीट प्रवास केल्याबद्दल त्याला तुरुंगात जावे लागले. तेव्हा बहिणीने आपले दागिने विकून त्याला सोडवले. सैन्यात भरती होण्याचे त्याचे तीन प्रयत्न फसले. चौथ्या वेळी, १९५१ साली, तो सैन्यात दाखल झाला. तेथेच त्याच्या पायांतील वेग इतरांच्या लक्षात आला.

१९५८ साली मिल्खासिंग यांनी टोकियोच्या आशियाई स्पर्धेत २०० आणि ४०० मीटर धावण्याच्या शर्यती जिंकल्या. त्याच वर्षी कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ४४० यार्डांच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये ते चौथे आले. कांस्यपदक सेकंदाच्या दहाव्या भागाने हुकले.

त्याच १९६० साली त्यांना लाहोरच्या शर्यतीचे बोलावणे आले. मिल्खासिंगांनी प्रथम नकार दिला. जेथे आईवडील गमावले, त्या भूमीवर पाऊल ठेवायला मन तयार होईना. पंतप्रधान पंडित नेहरूंनी त्यांची समजूत घातली, तेव्हा ते गेले. समोर पाकिस्तानचा नामवंत धावपटू अब्दुल खालिक होता. मिल्खासिंग जिंकले. त्यांचा वेग पाहून पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान यांनी त्यांना ‘फ्लाइंग सिख’, म्हणजे उडणारा शीख, म्हटले. ज्या भूमीतून ते जीव वाचवून पळाले होते, त्याच भूमीवर त्यांना हे नाव मिळाले. २०२१ साली त्यांचे निधन झाले, तेव्हाही सारे जग त्यांना याच नावाने ओळखत होते.

हॉकीच्या मैदानावरही फाळणीची रेघ उमटली. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये भारताने अंतिम सामन्यात ब्रिटनचा ४–० असा पराभव केला. या संघातील केशव दत्त लाहोरमध्ये जन्मलेले होते. त्याच संघात लतीफुर रहमान आणि अख्तर हुसेन हेही होते. पुढे हे दोघे पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानच्या संघात होते. अली दारा यांनी तर १९३६ साली ध्यानचंद यांच्याबरोबर भारतासाठी सुवर्णपदक मिळवले होते; १९४८ साली ते पाकिस्तानचे कर्णधार होते. यांच्यापैकी कोणाला परके म्हणावे? रेघ जमिनीवर ओढली गेली. काल एका संघात खेळलेले हात तिच्या दोन बाजूंना गेले.

मिल्खासिंग आणि केशव दत्त यांना एका गोष्टीने आधार दिला. नव्या देशाने त्यांना आपले मानले. पाकिस्तानातून आलेल्या लोकांच्या नागरिकत्वाची तरतूद भारताच्या राज्यघटनेतील सहाव्या कलमात केलेली आहे. सर्व निर्वासितांचे भाग्य असे नसते. ऑलिंपिकच्या नियमानुसार खेळाडू ज्या देशाच्या संघात असतो, त्या देशाचे नागरिकत्व त्याला लागते. म्हणून कित्येक निर्वासित खेळाडूंना मैदानाबाहेरच राहावे लागे.

२०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये प्रथमच निर्वासितांचा वेगळा संघ उतरला. त्यात १० खेळाडू होते. त्यांच्यापुढे कोणत्याही देशाचा नव्हे, तर पाच वर्तुळांचा ऑलिंपिक ध्वज होता. त्यांना पाहून प्रेक्षक उभे राहिले. त्या संघात सीरियाची युसरा मार्दिनी ही जलतरणपटू होती. २०१५ साली ती तुर्कस्तानहून ग्रीसकडे एका छोट्या नावेतून निघाली होती. नावेत सुमारे २० माणसे होती. भर समुद्रात इंजिन बंद पडले. युसरा, तिची बहीण आणि आणखी काही जण पाण्यात उतरले. तीन तासांहून अधिक काळ झगडून त्यांनी नाव किनाऱ्याला लावली. सर्वांचे प्राण वाचले. पुढच्याच वर्षी ती रिओत पोहत होती.

२०२४ साली पॅरिसमध्ये या संघात ३७ खेळाडू होते. कॅमेरूनमध्ये जन्मलेली सिंडी एन्गाम्बा इंग्लंडमध्ये राहून मुष्टियुद्ध शिकली. पण तिच्याजवळ ब्रिटनचे नागरिकत्व नव्हते. ती निर्वासितांच्या संघातून लढली आणि कांस्यपदक जिंकली. निर्वासितांच्या संघाचे हे पहिले पदक होय.

हा संघ पाहून आनंद वाटतो आणि वाईटही वाटते. ज्यांना देश नाही त्यांना मैदान मिळाले, याचा आनंद. असा संघ काढावा लागतो, याचे दुःख. निर्वासितांचा संघ दरवेळी मोठा व्हावा, असे कोणाला वाटेल? तो एक दिवस लागूच नये, असेच वाटेल.

मुलांनो, माणसाची ओळख एकाच शब्दात मावत नाही. तुम्ही घरी उर्दू बोलता, शाळेत मराठी शिकता, मैदानावर शाळेचे नाव लावता. यांतले एक खरे आणि बाकीचे खोटे, असे नसते. उद्या तुमच्या वर्गात नवा मुलगा येईल. “तुझे गाव कोणते?” असे त्याला जरूर विचारा. पण त्याचे उत्तर काहीही असो, त्याला आपल्या संघात घ्या.

शब्दार्थ
निर्वासित – देश सोडून आसरा घ्यावा लागलेला माणूस
फाळणी – वाटणी, तकसीम
पोरका – आईवडील नसलेला, यतीम
समजूत घालणे – समजावून सांगणे
हुकणे – थोडक्यात निसटणे
नागरिकत्व – देशाचे नागरिक असणे, शहरियत

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘पिंपरी कॅम्प’ हे नाव कशामुळे पडले?
(आ) मिल्खासिंग यांनी लाहोरला जाण्यास प्रथम नकार का दिला?
(इ) निर्वासितांच्या संघाला पहिले पदक कोणी मिळवून दिले?
२. कामासाठी गाव सोडणारा माणूस आणि निर्वासित यांच्यातील फरक तीन-चार वाक्यांत सांगा.
३. ‘हा संघ पाहून आनंद वाटतो आणि वाईटही वाटते.’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द पाठातून शोधून लिहा. उदा., बाजार.
५. घरातील वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या मूळ गावाविषयी विचारा व आठ-दहा ओळी लिहा.