उंदीर ओळखावा मिशांवरून

वाशीम जिल्ह्यात घरची शेती आणि शाळेत विज्ञान, दोन्हीकडे उंदराशी गाठ पडते. त्यातून पटलेल्या काही गोष्टी.

१. पिंजरा खोलीच्या मधोमध ठेवू नये. सोयाबीनच्या थप्पीमागे उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतो. भिंतीवरचा काळपट, तेलकट पट्टा ही त्याची रोजची वाट. अंधारात त्याची भिस्त डोळ्यांपेक्षा मिशांवर. एका गालाच्या मिशा भिंतीला लागत राहिल्या की त्याला पुढचं बघायची गरज पडत नाही. पिंजऱ्याचं तोंड त्या वाटेवर यावं.

२. मिशी म्हणजे निर्जीव केस. स्पर्श कळतो तो मुळाशी, रक्ताने भरलेल्या छोट्या पिशवीतल्या मज्जातंतूंना. शोध घेताना उंदीर मिशा सेकंदाला साधारण आठ वेळा पुढे-मागे हलवतो. वर्गात मी मुलांना डोळे मिटून सोयाबीन आणि हरभरा ओळखायला लावतो. बोटं फिरवल्याशिवाय हरभऱ्याची चोच लागत नाही.

३. मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट मेंदूतली आहे. १९७० मध्ये थॉमस वूल्सी आणि हेन्ड्रिक व्हान डर लूस यांनी उंदराच्या मेंदूच्या बाह्यकात पेशींचे पिंपाच्या आकाराचे पुंजके दाखवले. गालावर मोठ्या मिशांच्या, तिफणीच्या तासांसारख्या, पाच ओळी असतात. मेंदूतही पुंजक्यांच्या तशाच पाच ओळी. एका मिशीला एक पुंजका. डाव्या गालाची खबर उजव्या मेंदूत जाते, वाटेत मेंदूचा देठ आणि थॅलॅमस ही दोन ठाणी लागतात, आणि त्या दोन्ही ठिकाणी मिशांचा हाच नकाशा पुन्हा सापडतो. आपण ज्याला विष घालतो, त्याच्या इवल्याशा डोक्यात इतकी नेटकी मांडणी आहे! फळ्यावर ती काढताना मला अजूनही आनंद होतो.

४. याच दोघांनी १९७३ मध्ये दाखवलं, की नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या मिशांची मुळं नष्ट केली, तर त्यांचे पुंजके मेंदूत तयारच होत नाहीत. उंदरावरून माणसाचा थेट निष्कर्ष काढू नये. तरी अंगणवाडीतल्या पोरांना माती, कुटार, दाणे हाताळू द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

५. धान्याची थप्पी भिंतीपासून हातभर लांब आणि फळ्यांवर रचावी. मागे झाडू फिरतो, लेंड्या आणि नवं बीळ लगेच दिसतं.