पदवीच्या मधोमध एक वर्ष जपानात

जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्यात जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा होते. केंद्राबाहेरच्या गर्दीत शाळकरी मुलं असतात, आयटीतले नोकरदार असतात, निवृत्तीनंतर हौसेनं शिकणारेही असतात. फाटकापाशी थांबलेल्या आईबाबांपैकी काहींचा मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या वाटेला न जाता थेट जपानी भाषेच्या पदवीला गेलेली असते. हे शिकून पुढे काय, हा घोर त्यांना पहिल्या वर्षापासून लागलेला असतो. दुसऱ्या वर्षी त्यात भर पडते, कारण मूल म्हणू लागतं, ‘मला एक वर्ष तिकडे राहून शिकायचंय.’

आशियाई अभ्यासाच्या विद्यार्थ्यासाठी ही मागणी अगदी रास्त आहे. लंडनच्या सोआस या १९१६ साली स्थापन झालेल्या संस्थेत जपानी विषयाची पदवी चार वर्षांची असते आणि त्यातलं तिसरं वर्ष जपानमध्येच काढायचं असतं. केंब्रिजमध्येही तसंच. आपल्याकडच्या बहुतेक अभ्यासक्रमांत हे वर्ष छापलेलं नसतं, विद्यार्थ्याला ते स्वतः मिळवावं लागतं. पण मिळवता येतं, आणि नीट आखणी केली तर आईवडिलांच्या ठेवी न मोडता मिळवता येतं.

मराठी घरांना ही वाट अनोळखीही नाही. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या ओढीनं घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ असं फिरून १९०२ साली ते सिलोनला पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले. पुढे ब्रह्मदेश झाला, अमेरिकेत हार्वर्डला संशोधन झालं आणि परतल्यावर फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. ‘निवेदन’ हे त्यांचं आत्मकथन आजच्या विद्यार्थ्यानं परदेशी जाण्यापूर्वी जरूर वाचावं. कोसंबींना शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची सोय नव्हती. आजच्या मुलांना ती आहे, आणि तरीही पुष्कळांना तिची माहिती नसते, याची खंत वाटते.

जपानचं शिक्षण मंत्रालय, म्हणजे ‘मेक्स्ट’, अनेक शिष्यवृत्त्या देतं. त्यातली एक खास परदेशी विद्यापीठांत जपानी भाषा किंवा संस्कृती हा मुख्य विषय घेऊन पदवी करणाऱ्यांसाठी आहे. मुदत साधारण एका वर्षाची. ही शिष्यवृत्ती मिळालेल्यांना जपानमध्ये ‘निक्केनसेई’ म्हणतात. शुल्क माफ, जाण्यायेण्याचं विमानभाडं मंत्रालयाचं आणि दरमहा १,१७,००० येनच्या आसपास विद्यावेतन, म्हणजे सध्याच्या दरानं साधारण ६५ ते ७० हजार रुपये. लहान शहरात विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली तर एवढ्यात महिना नीट भागतो. टोकियोत हात आखडता घ्यावा लागतो.

अटी मात्र बारकाईनं वाचायला हव्यात, कारण बरेच अर्ज तिथेच अडतात. वय १८ ते ३० च्या आत हवं, ही सोपी अट. मुख्य विषय जपानी हवा, ही त्याहून महत्त्वाची. बी.कॉम. किंवा इंजिनिअरिंग करता करता संध्याकाळच्या वर्गाला जाऊन एखाद्यानं भाषा कितीही उत्तम आत्मसात केली, तरी तो या योजनेत बसत नाही. टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची जपानी विषयातली पदवी, दिल्लीत जेएनयू, शांतिनिकेतनात विश्वभारती किंवा हैदराबादच्या इफ्लूमधली पदवी करणारे बसतात. तिसरी अट अशी की जपानला निघताना आणि तिथून परततानाही विद्यार्थी आपल्या मूळ विद्यापीठात शिकत असला पाहिजे.

या तिसऱ्या अटीकडे आईवडिलांनी स्वतः लक्ष द्यावं. तीन वर्षांच्या बी.ए.चा विद्यार्थी तिसऱ्या वर्षात अर्ज करतो, मे महिन्यात पदवीधर होतो आणि ऑक्टोबरमध्ये निघायच्या वेळी तो विद्यार्थीच उरलेला नसतो. म्हणून अर्ज दुसऱ्या वर्षात करायचा. दूतावासामार्फत होणारी निवड वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत सुरू होते, महाराष्ट्रातल्या मुलांनी मुंबईतल्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या सूचनांवर नजर ठेवावी. निवड झाली की शरद सत्रासाठी प्रयाण, पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात परत आणि मग इथलं तिसरं वर्ष. पदवी एक वर्ष लांबते, हे खरं. नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीत थोडा जास्त वाव आहे आणि श्रेयांकांची बँकही आता आहे, पण तिथले श्रेयांक इथे धरले जातील की नाही, हे विभागप्रमुखांकडून आणि परीक्षा विभागाकडून जाण्यापूर्वी लेखी घ्यावं. तोंडी ‘बघू या’वर विसंबलेल्या विद्यार्थ्याला परतल्यावर खेटे घालावे लागतात.

भाषेची तयारी किती असावी? जेएलपीटीच्या पाच पातळ्या आहेत, एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. पदवीच्या दुसऱ्या वर्षात एन-३ हातात आणि एन-२ चा अभ्यास सुरू, एवढं असेल तर जपानी विद्यापीठातला वर्ग झेपू लागतो. रोजच्या वापरासाठी सरकारनं ठरवलेली कांजी चिन्हं २,१३६ आहेत. ती सगळी इथे पाठ करून जाणं शक्य नाही आणि गरजेचंही नाही. पण हजारभर ओळखीची असतील तर तिकडचं वर्ष अक्षरं गिरवण्यात न जाता माणसं समजून घेण्यात जातं. एन-५ वर तिकडे पोहोचलेलं मूल पहिले सहा महिने फक्त दुकानातलं आणि स्टेशनावरचं जपानी शिकतं. ते इथेही शिकता आलं असतं.

निक्केनसेईच्या जागा मोजक्या असतात, म्हणून दुसरी वाटही तयार ठेवावी. आपल्या विद्यापीठाचा एखाद्या जपानी विद्यापीठाशी सामंजस्य करार असेल तर विनिमय विद्यार्थी म्हणून एक-दोन सत्रं जाता येतं. अशा करारात बहुधा तिकडचं शुल्क माफ असतं. ही सवलत मोठी आहे, कारण तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठांचं पदवीचं प्रमाण शुल्कच वर्षाला ५,३५,८०० येन आहे. विनिमयाच्या विद्यार्थ्यांना ‘जासो’ या संस्थेचं दरमहा ८०,००० येनचं साहाय्यही मिळू शकतं. प्रवेश घेतानाच पालकांनी विचारावं, तुमचे करार कोणाशी आहेत आणि गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्ष किती मुलं गेली? करार कागदावर पुष्कळ असतात. गेलेल्या मुलांचा आकडा खरं काय ते सांगतो.

तिसऱ्या वाटेबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. जपानमधल्या खासगी भाषाशाळांत प्रवेश मिळवून देणारे एजंट गावोगावी आहेत. त्यातल्या काही शाळा उत्तम आहेत. पण शुल्क वर्षाला सात-आठ लाख येनच्या घरात जातं आणि ‘तिकडे पार्टटाइम काम करून सगळं निघतं’ असं घरी येऊन सांगितलं जातं. विद्यार्थी व्हिसावर परवानगी घेऊन सत्र चालू असताना आठवड्याला २८ तास काम करता येतं, त्याहून जास्त नाही. ताशी ११०० येन धरले तरी महिन्याला सव्वा लाख येन होतात. त्यात राहणं-खाणं भागेल, पण वर्षाचं शुल्क आणि घेतलेलं कर्ज त्यातून फिटणं कठीण. तास ओलांडले आणि ते उघड झालं तर व्हिसाचं नूतनीकरण नाकारलं जाऊ शकतं. शिवाय दुकानात रात्रपाळी करून सकाळच्या वर्गात डुलक्या घेणारं मूल शिकतं किती? जमीन गहाण ठेवून या वाटेनं जाऊ नये. आशियाई अभ्यासाच्या नियमित पदवीत असलेल्या मुलाला तर ही वाट धरण्याचं कारणच नसतं.

तिकडे उतरल्यावरचे पहिले दोन आठवडे कागदपत्रांचे. राहण्याची जागा ठरल्यापासून १४ दिवसांत शहर किंवा वॉर्ड कार्यालयात पत्ता नोंदवायचा, तिथेच राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालायचं. या विम्यामुळे दवाखान्याच्या खर्चाचा साधारण ७० टक्के भार उतरतो, आपल्याला ३० टक्के भरायचे. मराठी मुलांची एक ठरलेली अडचण इथे येते. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं लांबलचक असतं. ते काताकाना लिपीत लिहायला घेतलं की अर्जातले चौकोन संपतात आणि नाव उरतं. वॉर्ड कार्यालयात एक रूप, बँकेत दुसरं आणि विद्यापीठात तिसरं असं झालं तर विद्यावेतन खात्यात जमा होताना घोळ होतो. निघण्यापूर्वीच काताकानातलं एक रूप शिक्षकांकडून तपासून घ्यावं आणि सगळीकडे तेच लिहावं.

जेवणाची काळजी आईला असतेच. शाकाहारी घरातल्या मुलांनी एक गोष्ट जाणून असावी: मिसो सूप किंवा सोबाचं वाढप दिसायला शुद्ध शाकाहारी असलं, तरी त्याचा ‘दाशी’ हा अर्क बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाचा असतो. डाळी आणि मसाले हलाल दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. वसतिगृहात सामाईक स्वयंपाकघर आहे का, हे खोली निवडतानाच पाहावं. भूकंपाची भीती वाटणं साहजिक आहे, विद्यापीठं त्याचे सराव करून घेतात आणि ते सराव टाळायचे नसतात.

खरं शिक्षण होतं ते ‘झेमी’त. एका प्राध्यापकांभोवती दहा-पंधरा विद्यार्थी, ठरलेल्या दिवशी एकानं दोन पानांचा गोषवारा वाटायचा, विषय मांडायचा आणि मग बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. आपल्या मुलांना टिपणं उतरवून घेण्याची सवय असते, इथे स्वतःचा विषय लागतो. निक्केनसेईंकडून बहुतेक विद्यापीठं वर्षाअखेर जपानी भाषेत एक निबंध किंवा अहवाल लिहून घेतात. ‘जपानी संस्कृती आणि मी’ असल्या मोघम विषयात हे वर्ष वाया घालवू नये.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या मुलाजवळ तर असे विषय आहेत जे दुसऱ्या कुणाजवळ नाहीत. ओकायामाकडचे भदंत सुरेई ससाई अनेक दशकं नागपुरात राहिले, भारताचे नागरिक झाले. त्यांच्याविषयी जपानीत काय लिहिलं गेलं, हे नागपूरचा विद्यार्थी तिथल्या ग्रंथालयात वाचू शकतो. कोयासान विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला, त्याकडे तिथले लोक कसं पाहतात, हा आणखी एक विषय. हिरोशी फुकाझावा आणि हिरोयुकी कोतानी या जपानी इतिहासकारांनी मराठेशाहीतली गावं आणि वतनं यांवर आयुष्य घातलं. मराठी आणि जपानी दोन्ही येणाऱ्या मुलासाठी ते दार उघडंच आहे. पुण्यात तर जाता-येता दिसणारं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे.

जपानऐवजी चिनी किंवा कोरियन घेतलेल्यांनी आपापल्या देशाचं पाहावं. कोरियाची ग्लोबल कोरिया शिष्यवृत्ती संपूर्ण पदवीसाठी असते आणि पहिलं वर्ष भाषेचं. चिनीच्या विद्यार्थ्यांनी मात्र एक अनुभव विसरू नये. २०२० नंतर भारतीय विद्यार्थ्यांना चीनचा व्हिसा जवळजवळ अडीच वर्षं मिळत नव्हता, २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा सुरू झाला. तैवान सरकारची हुआयू शिष्यवृत्ती ही म्हणूनच हाताशी ठेवण्याजोगी दुसरी सोय आहे, फक्त तिथे पारंपरिक लिपी वापरतात आणि बीजिंगला सोपी केलेली.

आता पहिला प्रश्न, पुढे काय. साध्या पत्रांचं आणि मॅन्युअलचं भाषांतर आता यंत्र करू लागलं आहे, हे पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही. फक्त एन-३ च्या बळावर दहा वर्षांपूर्वी मिळायची तशी कामं कमी होत जाणार. पण कारखान्यात जपानी अभियंता आणि इथला सुपरवायझर यांच्यात उभं राहून बोलणं, करारातली शंका आवाजाच्या चढउतारावरून ओळखणं, नाराजी न दुखावता पोहोचवणं, हे काम माणसाचंच आहे आणि ते तिथे राहिलेल्यालाच नीट जमतं. पुणे-चाकणचा वाहनउद्योग, आयटीतलं जपानी ग्राहकांचं काम, जपान सरकारच्या ‘जायका’ या संस्थेच्या कर्जातून उभी राहिलेली मुंबई मेट्रो-३ सारखी कामं, परराष्ट्र सेवा, अध्यापन, संशोधन, अशा दिशा आहेत. भाषेला जोड म्हणून अर्थशास्त्र, कायदा, हिशेब किंवा एखादं तांत्रिक क्षेत्र असेल तर उमेदवाराचं वजन वाढतं. म्हणून जपानमधल्या त्या वर्षात भाषेच्या वर्गांबरोबर दुसऱ्या विषयाचा निदान एक वर्ग जपानी मुलांबरोबर बसून करावा, मग त्यात गुण थोडे कमी पडले तरी चालतील.

आणि परतण्याआधीचं एक काम. जुलैची जेएलपीटी जपानमध्येच द्यावी. वर्षभर कानावर पडलेली भाषा तेव्हा ताजी असते आणि निकाल ऑगस्टअखेर लागतो, म्हणजे इथल्या तिसऱ्या वर्षात बसताना एन-२ किंवा एन-१ हातात असतं आणि कॅम्पसमध्ये येणाऱ्या कंपन्यांच्या अर्जात ते लिहिता येतं. या परीक्षेची तिथली नोंदणी मार्च-एप्रिलमध्ये होते. नेमकी तेव्हा तिकडे वसंताची सुट्टी संपून नवं सत्र लागत असतं आणि मुलं हमखास विसरतात. तेवढी आठवण पुण्याहून, नागपूरहून किंवा पणजीहून फोनवर आईबाबांनी करून द्यावी.