आजारातून बरे झाल्यानंतरचे लसीकरण : तीन महिन्यांचा प्रश्न

कोविड-19 होऊन गेलेल्या व्यक्तीने लस घ्यावी काय, आणि घ्यावयाची तर केव्हा, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. पहिल्याचे उत्तर लसीकरणाच्या प्रारंभापासूनच होकारार्थी होते. दुसऱ्याचे उत्तर मात्र बदलत गेले.

16 जानेवारी 2021 रोजी देशव्यापी मोहीम सुरू झाली, तेव्हा लक्षणे असलेल्या रुग्णाने बरे झाल्यावर चार ते आठ आठवडे थांबावे, अशी मार्गदर्शक सूचना होती. 19 मे 2021 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राष्ट्रीय तज्ज्ञ गटाची शिफारस स्वीकारून हा अवधी तीन महिने केला. पहिल्या मात्रेनंतर संसर्ग झालेल्यांची दुसरी मात्राही तितकीच लांबली.

या निर्णयाचा व्यावहारिक अर्थ छत्तीसगडच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. दुसऱ्या लाटेत रायपूर जिल्ह्यात 9 एप्रिल 2021 पासून टाळेबंदी होती. एप्रिलअखेर बरा झालेला तेथील रहिवासी जुन्या सूचनेनुसार जूनअखेरपर्यंत पात्र ठरला असता. नव्या सूचनेने तो जुलैअखेरीस पात्र ठरला. दरम्यान 1 मेपासून 18 वर्षांवरील सर्वांना लसीकरण खुले झाले होते आणि मात्रा अपुऱ्या होत्या. नवा रायपूर येथून कारभार चालविणाऱ्या राज्य शासनाने अंत्योदय शिधापत्रिकाधारकांना अग्रक्रम दिला. उच्च न्यायालयाने हरकत घेतल्यावर ते निकष बदलावे लागले. अशा टंचाईत, ज्याच्या शरीरात काही संरक्षण आधीच निर्माण झाले आहे त्याने थांबणे न्याय्यच म्हणावे लागेल.

शास्त्रीय आधारही आहे. संसर्गानंतर रक्तातील प्रतिपिंडे हळूहळू घटतात, परंतु स्मृतिपेशी टिकतात व काही महिने परिपक्व होत राहतात. त्यानंतर दिलेली लस त्यांना पुन्हा उद्दीपित करते. संसर्ग व लस या दोहोंतून लाभणाऱ्या संरक्षणास संकरित प्रतिकारशक्ती म्हणतात. रक्तद्रव उपचार घेतलेल्यांना थांबविण्याचे कारण मात्र निराळे : बाहेरून मिळालेली प्रतिपिंडे लसीच्या परिणामात अडथळा आणू शकतात.

स्थगिती म्हणजे सूट नव्हे. ओमायक्रॉनच्या लाटेत पूर्वी बरे झालेल्यांनाही पुन्हा संसर्ग झाला. जानेवारी 2022 मध्ये तीन महिन्यांचा नियम खबरदारीच्या मात्रेलाही लागू करण्यात आला, तो याच भूमिकेतून.

गोवराबाबत तर अशी प्रतीक्षाही नसते. गोवर-रुबेला मोहिमेत पूर्वी गोवर झाल्याचे सांगितले जाणाऱ्या बालकासही लस दिली जाते. कारण ताप व पुरळ इतर विषाणूंमुळेही येतात आणि घरच्यांनी केलेले निदान खात्रीचे नसते.