फसवणूक : कायद्याच्या भाषेत आणि देवाच्या दृष्टीत

आजचे शास्त्रवाचन : लेवीय 6:1-7, मार्क 10:17-22, लूक 19:1-10



आपल्याकडे लबाड माणसाला "चारसोबीस" म्हणतात. हा आकडा आला जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 420 मधून. 1 जुलै 2024 पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचा गुन्हा आता कलम 318 मध्ये आला. आकडा बदलला, पण बोलण्यातला चारसोबीस काही जाणार नाही. गंमत अशी की हा शब्द आपण नेहमी दुसऱ्यासाठी वापरतो. ओटीपी मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे मेसेज आपण रोज पुढे पाठवतो आणि ते योग्यही आहे. पण "मी कोणाला फसवले का?" हा मेसेज स्वतःला कोण पाठवतो?

आज आपण फसवणूक या शब्दाचा अर्थ थोडा नीट समजून घेऊ. आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, मग वचनाकडे येऊ.

कायदा काय म्हणतो?

भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याच्या कलम 17 मध्ये कपट म्हणजे काय ते दिले आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर समोरच्याला फसवण्याच्या हेतूने केलेल्या या गोष्टी :

1. जे खरे नाही आणि आपल्यालाही खरे वाटत नाही, ते खरे म्हणून सांगणे.
2. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणे.
3. पाळायचे मनातच नसताना वचन देणे.
4. फसवण्यासाठी केलेली दुसरी कोणतीही कृती, किंवा कायद्याने ज्याला कपट ठरवले आहे असे कोणतेही कृत्य अथवा टाळाटाळ.

तिसरा मुद्दा पुन्हा वाचा. "पुढच्या महिन्यात नक्की देतो" असे म्हणून उसने पैसे घेताना मनात द्यायचे नसेलच, तर तो नुसता उशीर नाही. ते घेतानाच कपट झाले. आणखी एक गोष्ट, हे कपट आपल्या तोंडूनच व्हायला हवे असे नाही. आपल्या एजंटाने केले किंवा आपल्या मूक संमतीने दुसऱ्याने केले, तरी ते आपल्याच माथी येते. "मी कुठे बोललो, दलाल बोलला" ही सबब कायदाही ऐकत नाही.

मग गप्प राहण्याचे काय? इथे कायदा जरा सैल आहे. नुसते गप्प राहणे हे एरवी कपट धरले जात नाही. कायद्यातच घोड्याचे उदाहरण दिले आहे. एकाने लिलावात घोडा विकला. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक होते, पण तो काही बोलला नाही. हे कपट नाही. मात्र विकत घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा चांगलाच आहे असे समजेन," आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच आहे.

न्यायालयापुढे लपवाछपवी केली तर कायदा आणखी कडक होतो. 1993 साली सर्वोच्च न्यायालयापुढे वाटणीचा एक खटला आला होता. एकाने आपला हक्क सोडल्याचा महत्त्वाचा दस्त लपवून हुकूमनामा मिळवला होता. कपटाने मिळवलेला निवाडा हा निवाडाच नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. मुदतीचा कायदाही सांगतो की कपटाच्या बाबतीत दाव्याची मुदत मोजायची ती कपट कळल्यापासून, किंवा नीट लक्ष दिले असते तर ते कळू शकले असते तेव्हापासून.

स्कूटरची गोष्ट

घोड्याचे उदाहरण मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला माझी जुनी स्कूटर आठवली. ती सकाळी थंडीत लवकर सुरू व्हायची नाही. मेकॅनिकने स्पष्ट सांगितले होते, "इंजिनचं काम निघणार आहे, आज नाही तर उद्या." मी ती विकायला काढली. घेणारा आमच्याच मंडळीतला एक तरुण होता. मी त्याला मुद्दाम दुपारी बोलावले. गाडी एका किकमध्ये सुरू झाली. त्याने एक चक्कर मारली आणि विचारले, "काका, काही प्रॉब्लेम नाही ना?"

मी म्हणालो, "तूच चालवून बघितलीस ना!"

बघा, मी एक शब्दही खोटा बोललो नाही. कितीतरी दिवस मी याच वाक्यावर स्वतःला निर्दोष ठरवत होतो. पण त्याने विचारले होते, आणि मी उत्तर टाळले होते. माझे टाळणेच बोलले होते.

वचन काय म्हणते?

श्रीमंत तरुणाला येशू आज्ञांची आठवण करून देतो, तो प्रसंग मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही लिहिला आहे. पण कोणाला ठकवू नये, ही गोष्ट त्यात फक्त मार्क सांगतो. दहा आज्ञांच्या यादीत ती या शब्दांत नाही. तिथे मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ, दुसऱ्याला त्याच्या हक्काच्या गोष्टीपासून वंचित ठेवणे. म्हणजे प्रश्न फक्त "तू खोटे बोललास का?" एवढाच नाही. "जे त्याचे होते ते त्याला मिळाले का?" हा आहे. मजुराची मजुरी अडवून ठेवणे, भावाच्या वाट्याची जमीन गोड बोलून आपल्या नावावर करून घेणे, पेटीत वरच्या थराला चांगले आंबे आणि खाली डागी ठेवणे, हे सगळे त्यात येते. गिऱ्हाइकाच्या ज्या खऱ्या माहितीवर हक्क होता, ती माहिती मी त्या तरुणाला दिली नाही. मी त्याला तिच्यापासून वंचित ठेवले.

आता लेवीय 6 पाहा. ठेव म्हणून दिलेली वस्तू नाकारणे, शेजाऱ्याला नाडणे, सापडलेली वस्तू सापडलीच नाही म्हणणे, ही सगळी शेजाऱ्याविरुद्धची कामे. पण देव त्यांना काय म्हणतो? परमेश्वराविरुद्ध केलेला अपराध! शेजाऱ्याचे नुकसान देवाच्या खात्यात लिहिले जाते. हनन्या आणि सप्पीरा यांचेही तेच झाले (प्रेषितांची कृत्ये 5). जमीन त्यांची होती, पैसे देण्याची सक्तीही नव्हती. काही भाग ठेवून घेणे हा दोष नव्हता, थोडे देऊन सगळे दिल्याचे भासवणे हा दोष होता.

इथे मला घोड्याच्या उदाहरणातली ती मुलगी पुन्हा आठवते. कायदा म्हणतो, परक्याला सांगायलाच हवे असे नाही, पण मुलीला सांगायलाच हवे, कारण नाते आहे. आणि येशूने चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात शेजारी कोण याची सीमाच पुसून टाकली. मग माझ्यासाठी परका उरतो कोण? कायद्यात जो अपवाद आहे, तो ख्रिस्ती माणसासाठी नियम झाला. समोर कोणीही असो, आपली मुलगी विकत घेते आहे असे समजून वस्तू विकायची.

मग करायचे काय?

लेवीय 6 मध्ये क्रम फार महत्त्वाचा आहे. पूर्ण भरपाई, त्यावर पाचवा हिस्सा, आणि दोषार्पण. देवापुढे रडायचे आणि शेजाऱ्याचे पैसे खिशातच ठेवायचे, अशी सोय तिथे नाही. जक्कय तर त्याहून पुढे गेला. चौपट परत देतो म्हणाला. लक्षात घ्या, चौपट देऊन त्याने तारण विकत घेतले नाही. येशू आधी त्याच्या घरी आला होता. ज्याला कृपा मिळाली त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला.

मी त्या तरुणाकडे गेलो. त्याला इंजिनच्या कामाला 4,200 रुपये लागले होते. पाचवा हिस्सा 840. मी 5,040 रुपये पाकिटात घालून दिले आणि खरे काय ते सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पैशाचं एवढं नाही वाटलं. तुम्ही रविवारी प्रार्थना चालवता ना, ती मला ऐकवेना."

त्याने पैसे घेतले. तो अजून आमच्या मंडळीत परत आलेला नाही. पैसे एका दिवसात परत करता येतात, विश्वास नाही. म्हणून प्रियांनो, उशीर करू नका.

आजच्या दिवसासाठी प्रश्न

* माझ्या गप्प राहण्याने कोणाचे नुकसान झाले आहे का?
* पाळायचे मनात नसताना मी कोणाला वचन दिले आहे का?
* कोणाकडे मला आज फोन करून किंवा पाकीट घेऊन जायला हवे?

प्रार्थना

हे प्रभू, मी खोटे बोललो नाही म्हणून स्वतःला निर्दोष समजत होतो, मला क्षमा कर. ज्याचे जे आहे ते त्याला परत देण्याचे धैर्य दे. माझ्यामुळे जो तुझ्यापासून दूर गेला आहे, त्याला तू स्वतः शोधून आण. येशूच्या नावात मागतो. आमेन.