टर्बो खरंच गेलाय का? नवा टाकण्याआधी एवढं तपासा



माशांची गाडी अकोटा-दांडिया बाजार पुलाच्या चढावर ओढेनाशी झाली, काळा धूर सोडायला लागली, की लगेच कोणीतरी सांगतं, "टर्बो गेला, नवा टाका." खर्च मोठा. शिवाय गाडी अडकली की बर्फ वितळतो आणि मालाचा भाव पडतो. म्हणून आधी तपासणी, मग खर्च.

टर्बोत एकाच दांड्यावर दोन पंखे असतात. एक इंजिनाच्या गरम धुरावर फिरतो, दुसरा इंजिनात जादा हवा कोंबतो. वेग मिनिटाला १ लाख फेऱ्यांच्या वर जातो आणि दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. ऑइल नीट पोचलं नाही की टर्बो संपला.

१) काळा धूर, ताकद कमी: हवा कमी पडतेय. एअर फिल्टर बघा. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे रबरी पाइप आणि क्लिपा बघा. चीर असेल तर रेस दिल्यावर फुस्स आवाज येतो. कित्येकदा काम पाइपावरच भागतं.

२) निळा धूर, ऑइल कमी होणं: ऑइल जळतंय. टर्बोचं सील गेलं असेल. पण ब्रीदर किंवा ऑइल परत जाण्याची नळी चोंदली तरी असंच होतं. पिस्टनच्या रिंगाही झिजलेल्या असू शकतात.

३) सायरनसारखा आवाज: पंखा बॉडीला घासत असेल.

४) हाताने तपास: इंजिन बंद आणि पूर्ण थंड हवं. फिल्टरकडचा पाइप काढून दांडा हलवा. बाजूला किंचित हलला तर चालतं. आत-बाहेर हाताला जाणवेल इतका सरकला, पंखा घासला किंवा पाती तुटली असली, तर टर्बो गेलाच.

सावधान! सील फुटून ऑइल इंजिनात गेलं तर चावी काढली तरी इंजिन आपोआप रेस घेतं. गाडी गिअरची असेल तर ब्रेक घट्ट दाबा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. हवेच्या तोंडाशी हात नेऊ नका.

नवा टर्बो बसवताना ऑइल, ऑइल फिल्टर बदला आणि ऑइलची नळी साफ करून घ्या. मूळ कारण तसंच राहिलं तर नवाही जाईल. लांबून आल्यावर एक-दोन मिनिटं इंजिन हळू चालू ठेवा, मगच बंद करा.

बोटीच्या इंजिनाला टर्बो असेल तर धूर, पाइप आणि दांड्याची तपासणी अशीच. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात मासेमारी बंद असते, तेव्हाच ती उरका. भर समुद्रात मेकॅनिक मिळत नाही.

आपल्या ड्रायव्हर आणि तांडेलांपर्यंत ही माहिती पोचवा.

– सचिव