मृगाआधी घराचा विमा : आकडा किती धरायचा?

उन्हाळ कांदा चाळीत गेला, द्राक्षाची खरड छाटणी उरकली की नाशिक जिल्ह्यात डागडुजीचे दिवस येतात. कौले शाकारायची, पन्हळी साफ करायच्या, पत्र्याचे हूक आवळायचे, गोठ्यावर दोन नवे पत्रे टाकायचे. मृग लागण्याआधी, किंबहुना वळवाचा पहिला झोत येण्याआधी हे हातावेगळे झालेले बरे, हे कोणाला सांगावे लागत नाही. याच पंधरवड्यात आणखी एक काम उरकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. घराचा विमा काढलेला नसेल तर काढा. काढलेला असेल तर पॉलिसी पेटीतून बाहेर काढून त्यावर छापलेली विमा रक्कम एकदा वाचा. ‘विमा आहे’ एवढ्यावर पुष्कळ घरे निर्धास्त असतात. तो कितीचा आहे, हे नुकसान झाल्यावर कळते.

सरकारी मदतीवर कितपत विसंबता येते, ते आधी पाहू. आपत्ती प्रतिसाद निधीचे केंद्राचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे निकष असे आहेत : सपाट भागातले घर पूर्ण पडले तर १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड झाली तर ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,०००. गोठा गेला तर ३,००० रुपये. राज्य सरकार कधी कधी यात स्वतःची भर घालते, पण ती त्या-त्या वेळच्या निर्णयावर अवलंबून असते. ३,००० रुपयांत आज गोठ्याचे चार पत्रे तरी येतील का, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. ही मदत तातडीचा आधार म्हणून आहे आणि ती हक्काने घ्यावी. तिच्यातून घर पुन्हा उभे राहत नाही.

पीक विम्याचीही गल्लत होते. पंतप्रधान पीक विमा योजना शेतातल्या पिकाची आहे. काढणी करून शेतात सुकायला टाकलेल्या मालाला ठरावीक आपत्तींत १४ दिवसांपर्यंत संरक्षण मिळते, पण चाळीत भरलेला कांदा त्यात बसत नाही आणि घर तर नाहीच. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीने निफाड आणि आसपासच्या भागांत द्राक्षबागा झोडपल्या, तेव्हा सगळ्यांची चर्चा बागांची झाली आणि ते साहजिकच होते. पण वादळ फक्त बागेत येत नाही. पत्रे, कौले, सोलर यांना कोणती योजना लागू होते, हा प्रश्न मागेच राहतो.

आता मूळ मुद्दा : आकडा. विमा रक्कम म्हणजे आजच्या मजुरीने आणि आजच्या सिमेंट-सळईच्या भावाने तेच घर पुन्हा बांधायला लागणारा पैसा. दुसरा कोणताही आकडा येथे कामाचा नाही. तरीही तीन आकडे हमखास गळ्यात पडतात. पहिला बँकेचा. गृहकर्ज देताना बँक विमा काढायला लावते आणि अनेकदा तो कर्जाच्या रकमेइतकाच असतो. त्यात बँकेचा पैसा सुरक्षित होतो, तुमचे घर नव्हे. दुसरा आकडा जागेच्या भावाचा. महामार्गालगत किंवा शहराच्या हद्दीजवळ मळा असला की लोक घराची किंमत कोटीत सांगतात. पण त्यातली बहुतेक किंमत जमिनीची असते. जमीन जळत नाही, तिचा विमा कशाला भरायचा? तिसरा आकडा घर बांधले तेव्हाच्या खर्चाचा. ‘सात लाखांत झालं होतं’ हे बारा वर्षांपूर्वीचे बोलणे आज उपयोगाचे नाही.

एका वस्तीचा हिशेब मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत. भाव तुमच्या गावच्या गवंड्याला किंवा ठेकेदाराला विचारून घाला. मळ्यात स्लॅबचे घर आहे, भिंतींच्या आतले चटई क्षेत्र ९०० चौरस फूट. बांधकामाचा दर १,८०० रुपये धरला तर १६ लाख २० हजार होतात. पुढे पत्र्याची पडवी २०० चौरस फुटांची, दर ७०० रुपये, म्हणजे १ लाख ४० हजार. कंपाउंडची भिंत, फाटक, शौचालयाची टाकी, पाण्याची टाकी, छतावरचे सोलर हे सगळे मिळून दीड लाख. बेरीज १९ लाख १० हजार. या घरावर बँकेचे सात लाख बाकी असतील आणि विमा तेवढ्याचाच असेल, तर घर पूर्ण गेल्यावर बारा लाख दहा हजार स्वतःच्या खिशातून घालावे लागतील. तेही पीक हातचे गेलेल्या वर्षी, कारण घर पाडणारे वादळ शेत सोडून जात नाही.

पडवी, भिंत, टाकी वेगळी मोजली, त्याला कारण आहे. विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घरांसाठीची प्रमाणित पॉलिसी आणली. कोणत्याही सामान्य विमा कंपनीकडे गेलात तरी तिच्या मूळ अटी त्याच असतात. त्यात घराबरोबर व्हरांडा, कुंपण, फाटक, सेप्टिक टाकी, गोबरगॅस, पाण्याच्या टाक्या, सौर पॅनेल यांचाही समावेश होतो, पण रक्कम धरताना ते तुम्ही मोजले असतील तरच त्यांचा पैसा हिशेबात येतो. आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप, दरड, झाड किंवा वाहन आदळणे, दंगल हे धोके मूळ पॉलिसीतच आहेत. गारपिटीचे मात्र कंपनीला स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आपल्या भागात तो प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी उभा राहतो.

या पॉलिसीतल्या दोन सोयी ग्रामीण घराला फार उपयोगी आहेत. एक, विमा कमी रकमेचा होता म्हणून दाव्यात त्या प्रमाणात कपात होत नाही. विमा रकमेच्या मर्यादेत झालेले नुकसान मिळते. याचा अर्थ कमी रक्कम लावली तरी चालते, असा नव्हे. वरच्या उदाहरणात मर्यादा सातच लाखांची राहील. दुसरी, मुदतीच्या काळात घराची विमा रक्कम वर्षाला १० टक्के दराने आपोआप वाढते आणि मुदत दहा वर्षांपर्यंत घेता येते. सुरुवातीचाच आकडा तोकडा असेल, तर त्यावरची १० टक्के वाढही तोकडीच.

घरातल्या सामानाला घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, आपसूक धरले जातात. आपल्या उदाहरणात ३ लाख ८२ हजार झाले. टीव्ही, फ्रिज, कपाट, पलंग, भांडी, कपडे, शिलाई मशीन यांना हे बहुधा पुरते. पुरत नसेल तर यादी देऊन वाढवता येते. सोने मात्र यात येत नाही. लग्नासाठी घरी ठेवलेले दागिने, मोलाच्या वस्तू यांचा वेगळा जोडविमा मूल्य ठरवून घ्यावा लागतो. कांदा-द्राक्षाचे पैसे रोख घरात असतील, तर त्या नोटांनाही संरक्षण नाही. चोरीचेही बघा : मूळ पॉलिसीत चोरी धरली जाते ती आग-पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे कवच घ्यावे लागते. आणि विजेच्या झटक्याने किंवा शॉर्टसर्किटने खुद्द फ्रिज वा मोटार जळाली तर त्या यंत्राचे पैसे मिळत नाहीत. त्यातून भडका उडून बाकीचे जळाले तर ते नुकसान धरले जाते. विहिरीवरच्या पंपासाठी वेगळा पंपसंच विमा असतो.

आता दाराबाहेर या. शहरातल्या फ्लॅटचा हिशेब उंबऱ्याशी संपतो, मळ्यातला तिथून सुरू होतो. गोठा घराच्या पॉलिसीत येत नाही, कारण तिच्यात राहण्यासाठी वापरलेल्या उपइमारतीच धरल्या जातात. गाई-म्हशींचा पशुधन विमा वेगळा, कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकावर. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा असला तरी तो वाहन म्हणून घराच्या विम्याबाहेर असतो आणि कित्येक ट्रॅक्टरांवर फक्त तृतीय पक्षाचा विमा असतो. तेवढ्यावर शेडला आग लागली तर ट्रॅक्टरचे काहीच मिळत नाही. नऊ-दहा लाखांचे यंत्र अशा विम्यावर ठेवू नये.

सगळ्यात जास्त काळजी कांदा चाळीची करावी, कारण मे महिन्यात कित्येक घरांचा सगळा पैसा तिच्यातच असतो. चाळ आणि विक्रीचा माल हे घरगुती सामान नव्हे. त्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला, साठवणुकीच्या जागांनाही ती चालते. काही कंपन्यांचे शेतकरी पॅकेजही असते, त्यात घर, पंप, जनावरे एकत्र धरतात. दोन्हींचे भाव घेऊन बघा. सूक्ष्म उद्यममध्ये मात्र कमी विम्याची शिक्षा होते. १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ, त्यापुढे दावा त्या प्रमाणात कापला जातो. २५ टनी चाळ घ्या : २५० क्विंटल कांदा, २,००० रुपये भावाने पाच लाखांचा, आणि चाळ अडीच लाखांची. एकूण साडेसात लाखांचा ऐवज. हप्ता वाचवायला तीन लाखांचा विमा काढला, तर तो ४० टक्केच झाला. वाऱ्याने निम्मे छत उडून दोन लाखांचे नुकसान झाले, तर हातात ८० हजार येतील. म्हणून मालाची रक्कम चाळ भरलेली असतानाची धरा आणि जुलै-ऑगस्टमध्ये भाव चढले तर वाढवून घ्या.

चाळीचे बांधकामही अर्जात खरे लिहा. बांबूच्या बाजू, प्लॅस्टिकचा कागद, गवताचे छप्पर असेल तर विम्याच्या भाषेत ते कच्चे बांधकाम ठरते, हप्ता बदलतो, कधी कंपनी नाहीही म्हणते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडच्या कुडाच्या घरांनाही हे लागू आहे. ‘पक्के’ लिहून वेळ मारून नेली, तर दाव्याच्या वेळी तोच कागद आडवा येतो. आणि कांदा सडणे, कोंब फुटणे, वजन घटणे यांची भरपाई अशा पॉलिसीतून मिळत नाही. एजंट तसे सुचवत असेल तर लेखी मागा.

गोदाकाठच्या गावांनी पुराचे कलम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पॉलिसी घेऊ नये. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला आलेल्या पुरात चांदोरी-सायखेडा भागात पाणी कुठवर आले, ते तिथल्या लोकांना ठाऊक आहे. त्या पाण्याची रेघ तुमच्या भिंतीवर असेल तर सामानाची रक्कम ठरवताना तिच्याखालचे सगळे भिजणार असे समजून मोजा.

जुन्या मातीच्या भिंतीच्या घरांत वाद होतो तो कारणाचा. संततधारेत भिंत बसली की पाहणी करणारा विचारतो : पाण्याने पडली की जुनी म्हणून? झीज, ओल, गळती यांचे पैसे मिळत नाहीत. म्हणून आत्ता, कोरड्या दिवसांत, घराचे चारही बाजूंनी, छताचे, पायथ्याचे फोटो काढा. चाळीचा भरलेला फोटोही, तारखेसह. ते मुलाच्या किंवा पाहुण्याच्या फोनवर पाठवून ठेवा, कारण पुरात फोनही जातो.

कागदात नाव कोणाचे, हेही आजच तपासा. वडील जाऊन सहा वर्षे झाली, घर अजून त्यांच्याच नावावर आणि हप्ता धाकटा भरतो, असे खूप ठिकाणी असते. दाव्याच्या वेळी भावाभावांत संमतीपत्र गोळा करण्यापेक्षा आत्ता वारस नोंद करून घ्या. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती, गावठाणात स्वामित्व योजनेतून मिळालेली मिळकत पत्रिका, मळ्यातल्या घराला गट क्रमांक, हे सगळे प्रस्तावाला जोडा. गावात एक आणि मळ्यात एक अशी दोन घरे असतील तर दोन्ही पत्ते लिहा. एका पत्त्याचा विमा दुसऱ्या घराला लागू होत नाही. कर्त्या बाईचे नाव मिळकतीवर असेल तर पॉलिसीवरही असू द्या.

नुकसान झालेच, तर कंपनीला त्याच दिवशी कळवा, दावा क्रमांक लिहून घ्या आणि पाहणी होईपर्यंत मोडके पत्रे भंगारात देऊ नका. ग्राम महसूल अधिकाऱ्यांचा पंचनामा मदतीसाठी होतोच, त्याची प्रत विमा दाव्यालाही जोडा. ढिगारा उचलण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-अभियंत्याची फी ५ टक्क्यांपर्यंत गृह रक्षा पॉलिसीत मिळते. ती मागा, बहुतेक जण मागत नाहीत. घर राहण्याजोगे नसेल तर तोवरचे भाडेही मिळते. दावा नाकारला आणि कंपनीने लेखी तक्रारही फेटाळली किंवा तिला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर नाशिककरांसाठी विमा लोकपालांचे कार्यालय पुण्यात आहे. तक्रार एका वर्षाच्या आत करावी लागते, ५० लाखांपर्यंतची प्रकरणे तिथे चालतात, आणि त्यासाठी ना फी लागते ना वकील.