गिटार भावाची, हात माझे

प्रश्न : माझी उंची चार फूट दहा इंच. भावाच्या गिटारवर शिकते आहे. खांदा भरून येतो आणि एफ कॉर्ड काही केल्या वाजत नाही. लहान गिटार घ्यावी का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जरूर घ्या. लहान गिटार शिकाऊंची, हा समज सोडा. ३० जानेवारी २०२५ ला पुण्यात गाऊन गेलेला एड शीरन छोट्या गिटारसाठीच ओळखला जातो.

भावाची बहुधा ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या अंगाची गिटार असणार. तिच्या जाड खोक्यावरून हात टाकायचा तर खांदा उचलला जाणारच. तुम्ही पार्लर, म्हणजे छोट्या अंगाचा आकार बघा. तारेची लांबी ६५० ऐवजी ६०० मिलिमीटरच्या आसपास असली, की फ्रेट जवळ येतात, ताणही उतरतो. तारा एक्स्ट्रा लाइट, म्हणजे १० नंबरच्या घ्या. दुकानातल्या गिटारला बऱ्याचदा १२ च्या असतात.

एफ अडतो तो पुष्कळदा नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी, तार उंच असल्याने. बोटांना उगाच दोष देऊ नका, सेटअप करून मागा. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा आणखी वर येतात, तेव्हा पुन्हा दाखवा.

नायलॉनच्या तारा बोटांना मऊ, पण त्या ज्या गिटारला असतात त्या क्लासिकलची मान नटपाशी ५२ मिलिमीटर रुंद. तुम्हाला ती जड जाईल. आणि क्लासिकलला स्टीलच्या तारा चुकूनही चढवू नका, ब्रिज उखडतो.